पान कुणाचं

साइट बनवायला सगळ्यांत सोपं काय? नवखा माणूस हेच आधी विचारतो. चुकीचं काही नाही त्यात. पण सोपेपणा पहिल्या आठवड्यात लागतो. पुढची वर्षं मजकूर टिकवण्यात जातात.

टिम बर्नर्स-ली यांनी १९९० साली सर्न या संशोधन संस्थेत पहिला वेब ब्राउझर लिहिला. त्या एकाच खिडकीत पान वाचता येई आणि लिहिताही येई. पुढे घरोघरी पोचलेल्या ब्राउझरांतून लिहिण्याची सोय गळाली. 'कुठलं सॉफ्टवेअर घेऊ?' हा प्रश्न त्या गळतीतून जन्मला. वाचणारा आणि लिहिणारा वेगळे झाले की मध्ये दुकान उभं राहतंच.

पानापेक्षा हत्यार आधी म्हातारं होतं. मायक्रोसॉफ्टने पानं बनवायचं फ्रंटपेज २००६ मध्ये थांबवलं. अडोबीच्या म्यूज या तशाच सॉफ्टवेअरचा आधार मार्च २०२० मध्ये संपला. जिओसिटीजवर असंख्य हौशी लोकांनी आपापली पानं मांडली होती. याहूने ती सेवा अमेरिकेत २६ ऑक्टोबर २००९ रोजी बंद केली. सर्नने जपलेली पहिल्या संकेतस्थळाची प्रत मात्र आजच्या फोनवरही उघडते. साध्या मजकुरात मोडण्यासारखं फार थोडं असतं.

म्हणून आत शिरण्याआधी बाहेर पडायची वाट पाहावी. विक्स या साइट बांधून देणाऱ्या सेवेवर बांधलेली साइट जशीच्या तशी उचलून दुसऱ्या सर्व्हरवर नेता येत नाही. २००३ पासून खुल्या परवान्यावर असलेल्या वर्डप्रेसमधून लेखांचा सगळा मजकूर एका फायलीत उतरवता येतो; चित्रं तेवढी वेगळी काढावी लागतात. लग्नाचं आमंत्रण, महिन्याभराचं प्रदर्शन यांना विक्स उत्तम. दहा वर्षांचं लिखाण मी तिथे ठेवणार नाही.

मराठीला हा धडा फार महाग पडला आहे. युनिकोड या अक्षरांच्या सामाईक संकेतप्रणालीच्या १९९१ च्या पहिल्याच आवृत्तीत देवनागरी होती, पण घरातल्या संगणकावर ती नीट उमटायला वर्षं गेली. तोवर आपण फाँटच्या भरवशावर लिहिलं. रोमन अक्षरांच्या जागांवर काना, मात्रा, अर्धी अक्षरं बसवून काम भागवलं. डोळ्यांना 'आई' दिसे, यंत्राच्या पोटात मात्र रोमन खुणा असत. फाँट गेला, तशा कविता गेल्या, अग्रलेख गेले, गावाच्या जत्रेचे वृत्तांत गेले. खरं तर ते अजून आहेत कुठेतरी, पण उघडावं तर निरर्थक खुणांचा ढीग, आणि शोधावं तर सापडत नाहीत. ज्यांनी ते रात्री जागून टंकलं त्यांचा काय दोष? लिखाण त्यांचं होतं, किल्ली फाँटकडे होती. ती पानं आठवली की मला आजही हळहळ वाटते.

साइटच्या तयार नमुन्यांची, म्हणजे टेम्प्लेटांची, गोष्ट याहून लहान, पण जात तीच. त्यातलं इंग्रजी शीर्षक देखणं दिसतं, कारण कापड त्याच मापाने बेतलेलं असतं. तिथे 'कर्तृत्व' लिहून पाहा, 'ऱ्हास' लिहा, 'दृष्टी' लिहा. वेलांटीचा माथा कापला जातो का? ऋकार खालच्या ओळीला टेकतो का? अक्षरांतलं अंतर वाढवलेलं असेल तर शिरोरेषा तुटते आणि शब्दाची सुटी अक्षरं होतात. पानाची भाषा मराठी अशी नोंदवता येते का, तेही बघा. काही फाँट त्या नोंदीवरूनच आपल्या वळणाचे ल आणि श दाखवतात. जे सॉफ्टवेअर हे बदलू देत नाही, ते कितीही सोपं असलं तरी आपल्या कामाचं नाही.

 

पैसे भरण्याआधी एक संध्याकाळ द्या. नोटपॅड उघडा, मनातल्या चार ओळी मराठीत लिहा, शीर्षकाची आणि परिच्छेदाची एचटीएमएलमधली खूण तेवढी शिका. फाइल .html नावाने यूटीएफ-८ मध्ये जतन करा आणि ब्राउझरमध्ये उघडा. मग त्याच चार ओळी तुम्ही निवडलेल्या सॉफ्टवेअरात घाला, पुन्हा बाहेर काढा, आणि शब्दन् शब्द जुळतो का ते पाहा.