आस कोणी मोडला?

आमच्या साडूभाऊंची जीप माझ्याहून वयाने चार वर्षांनी मोठी आहे आणि सासुरवाडीत तिला मानही माझ्याहून जास्त आहे. साहजिकच आहे. मी बँकेत खर्डेघाशी करतो. ती चिखलातून कापूस काढते. महायुद्धातल्या विलीस जीपचा हा वंश. महिंद्रांनी १९४७ साली मुंबईत तिची जुळणी सुरू केली आणि पुढे यवतमाळ जिल्ह्यातल्या कित्येक वाड्यांपुढे तिची पिल्ले येऊन बसली. साडूंच्या जीपचे इंजिन बदलले, पत्रा बदलला, हूड तर तीनदा बदलले. मूळची म्हणावी अशी एक नंबरप्लेट आणि दुसरा मागचा आस. त्यातला आस गेल्या पावसाळ्यात गेला.

आम्ही घाटंजीहून यवतमाळला येत होतो. अकरा वर्षांपासूनचा ड्रायव्हर गाडी चालवीत होता, मी शेजारी, मागे डाळीचे एक पोते. खट्ट आवाज झाला आणि एक चाक आम्हाला मागे टाकून पुढे निघाले. "कोणाचं चाक चाललं बाप्पा हे?" असे मी म्हणतो न म्हणतो तोच माझी बाजू खाली बसली. चाक पऱ्हाटीच्या शेतात गेले आणि दमल्यासारखे आडवे झाले.

साडूंनी न्याय जागेवरच केला.

"गाडी कोन चालवत होतं?"

"मीच जी, मालक."

"मंग खर्च तुयाच पगारातून."

आता यात मला धक्का बसण्याचे कारण नव्हते. आमच्याकडेही कॅश कमी आली की, शेवटी जो काउंटरवर बसला होता त्यानेच भरायची. मी गप्प राहिलो. बी.कॉम. झालेला माणूस गप्प बसला की तो मनात हिशेब करीत असावा असे लोकांना वाटते, आणि हा गैरसमज आजवर मला फार उपयोगी पडला आहे.

दुसऱ्या दिवशी मिस्त्रीने तुटका दांडा माझ्या हातात ठेवला. "हे पाहा भाऊ. हे काळं, गुळगुळीत दिसते ना, हे जुनं हाये. इथं खाचेपाशी चीर पडली, मंग हळूहळू आत गेली. आन् हे साखरेच्या दान्यावानी चमकते ना, थेवढंच कालचं." चमकणारा तुकडा माझ्या अंगठ्याच्या नखाएवढा होता.

तेव्हापासून ते नख मला टोचते आहे. या आसाला गाडीचा भारही सोसायचा असतो आणि चाकही फिरवायचे असते. एक बाजू ताणली जाते तेव्हा समोरची दाबली जाते. अर्धा फेरा झाला की उलट. जीपचे चाक एका किलोमीटरला सुमारे साडेचारशे फेरे घेते, म्हणजे लाख किलोमीटरला साडेचार कोटी. १८४२ साली फ्रान्समध्ये व्हर्सायहून पॅरिसला निघालेल्या आगगाडीच्या इंजिनाचा आस असाच मोडला आणि पन्नासाहून अधिक माणसे गेली. हादऱ्यांनी लोखंडाची जातच बदलते, असे तेव्हा पुष्कळांचे मत होते. पुढच्याच वर्षी रँकिन नावाच्या तरुण स्कॉटिश इंजिनिअरने सांगितले की जात वगैरे काही बदलत नाही. कोपऱ्यातून बारीक चीर निघते आणि रोज थोडी पुढे सरकते. आमच्या मिस्त्रीने रँकिन वाचलेला नाही. त्याचे काही अडलेही नाही.

मग सांगा, ड्रायव्हरने नखाएवढे पैसे द्यावेत हे समजू शकते. काळ्या भागाचे पैसे कोणी द्यायचे? घसारा आम्ही कॉलेजात शिकलो. तो दरवर्षी लिहितात, पण कोणाच्या पगारातून कापत नाहीत. दशरथाच्या रथाचा आस मोडला तेव्हा कैकेयीने तिथे आपला हात घातला, असे कीर्तनकार सांगतात. धन्य ती माउली. पण त्या दुरुस्तीचे बिल शेवटी निघाले रामाच्या नावावर!

आणि आता लपवण्यात अर्थ नाही. आठ वर्षांपूर्वी मेहुणीच्या लग्नात जीप मी चालवली होती. चौदा वऱ्हाडी आत कोंबून, सासुरवाडीपुढे ऐट मिरवायला, मी ती एका नाल्यात भरधाव घातली. मागून खणकन आवाज आला. "दगड असेल," मी म्हणालो. उतरून पाहिले नाही, कोणाला सांगितलेही नाही. तो आवाज म्हणजेच ती चीर, असे कोणी सिद्ध करू शकणार नाही. दगडही असेल. पण सिद्ध होत नाही म्हणून मी सुटलो, आणि ड्रायव्हरचा हात स्टिअरिंगवर दिसला म्हणून तो अडकला.

शेवटी रविवारी घाटंजीला गेलो आणि साडूंना सगळे सांगितले. ते खूप हसले. मग म्हणाले, "बरं, अर्धे तुमचे, अर्धे याचे." दर हंगामात त्याच जीपमध्ये कापसाचे गठ्ठे दाबून भरणाऱ्याचे नाव वाटणीत आले नाही, आणि ते घेण्याची माझी छाती झाली नाही. बाकीचे अर्धेही मीच गुपचूप ड्रायव्हरच्या खिशात घातले. बायकोला अजून माहीत नाही. हा लेख तिने वाचला नाही तर बरे.

परवा दत्त चौकात जीप दिसली. नव्या आसावर सतरा माणसे होती, मी मोजली. स्टिअरिंगवर साडू स्वतः. शेजारी बसलेल्या ड्रायव्हरने मला नमस्कार केला आणि हळूच, मालकाला दिसणार नाही असे, बोटाने मागचे चाक दाखवले.