न दिसणारं काम



मोबाइलवरच्या खेळात चेंडू पडतो. जमिनीला टेकतो. उसळतो. आपल्याला त्यात नवल वाटत नाही. पण संगणकाला जमीन ठाऊक नसते, पडणंही ठाऊक नसतं. ते कुणीतरी त्याला शिकवलेलं असतं. हे न दिसणारं काम.

ते करणाऱ्या यंत्रणेला गेम इंजिन म्हणतात. बोटाचा स्पर्श टिपायचा. वस्तू किती सरकली ते मोजायचं. कोण कुणाला धडकलं ते बघायचं. चित्र नव्यानं काढायचं. पापणी लवायच्या आत, पुन्हा पुन्हा. नव्वदच्या दशकात 'डूम' हा खेळ गाजला आणि 'गेम इंजिन' हा शब्द रुळला. पुढे खेळ बदलत गेले, इंजिन आत राबत राहिलं.

कुणी मुलगी रात्री जागून असं इंजिन बनवायला शिकते. प्रशिक्षण पुरं होतं. घरचे कौतुकानं जमतात. पडद्यावर तिनं बनवलेला एक ठोकळा फिरत असतो. "एवढंच?" असं कुणीतरी म्हणतंच! त्या ठोकळ्यामागे गणित आहे. वापरून झालेली मेमरी परत करण्याची शिस्त आहे. ती शिस्त सुटली, तर लगेच कळत नाही. बऱ्याच वेळानं खेळ अडखळतो. न दिसणाऱ्या कामाची परीक्षा अशी उशिरा होते. म्हणून कुणी बघत नसतानाही ते नीट करावं लागतं. माणसाची खरी ओळख, मला वाटतं, तिथेच पटते.

मंडळी, तुमच्या घरात असं कुणी शिकून आलं असेल, तर आज जरूर विचारा, हा ठोकळा फिरतो तरी कसा? उत्तर लांबेल. चहा थोडा जास्त टाका.