सांभाळणे म्हणजे काय?

इंग्लंडमध्ये स्थायिक झालेल्या माझ्या परिचयाच्या एका कुटुंबाने काही वर्षांपूर्वी निराधार प्राण्यांच्या निवाऱ्यातून एक कुत्रा घरी आणला. जात बॉर्डर कोली, वय दोन वर्षे, अंग काळेपांढरे, डोळे विलक्षण बोलके. तीन महिन्यांनी त्या गृहस्थांचे पत्र आले. कुत्रा दाराच्या चौकटी कुरतडतो, सायकलस्वारांमागे धावतो, भिंतीवरच्या सावल्यांचा तासन्‌तास पाठलाग करतो आणि अंगणात खेळणाऱ्या मुलांना घेरून त्यांच्या टाचांना दात लावतो. शेवटी एकच प्रश्न होता : ‘फादर, त्याला परत दिले तर ते पाप ठरेल का?’

मी उलट टपाली लिहिले की, ज्याला आश्रय दिला त्याला पुन्हा निराश्रित करू नये. धीर धरा, प्रेमाने सारे सुधारते. लिहिताना मला फार बरे वाटले होते. आज त्या उत्तराची लाज वाटते, कारण ज्या प्राण्याविषयी मी निवाडा दिला त्याची मला काहीच माहिती नव्हती.

आपल्याकडे धनगरांच्या कळपासोबत कुत्रा असतो तो मुख्यतः राखणीसाठी. बॉर्डर कोलीचे काम निराळे. इंग्लंड आणि स्कॉटलंड यांच्या सीमेवरील डोंगराळ मुलखात मेंढपाळ खाली उभा राहून शीळ घालतो, आणि कुत्रा दूरवर चढून, पांगलेल्या मेंढ्यांना वळसा घालून त्यांना खाली आणतो. सहसा तो भुंकत नाही. अंग जमिनीसरसे करून नजर रोखतो, आणि त्या नजरेनेच मेंढी वळते. नजर रोखणे, दबा धरणे, पाठलाग करणे ही मुळात लांडग्याची शिकारीची रीत. मेंढपाळांनी पिढ्यान्‌पिढ्या निवड करून तिच्यातला शेवटचा घाव तेवढा बोथट केला आणि आधीच्या साऱ्या पायऱ्यांना धार लावली. १८९३ साली नॉर्थम्बरलंडमध्ये ॲडम टेल्फर यांच्याकडे जन्मलेला ‘ओल्ड हेम्प’ हा आजच्या बहुतेक बॉर्डर कोलींचा पूर्वज मानला जातो. अमेरिकेत ‘चेसर’ नावाच्या कोलीला एक हजाराहून अधिक वस्तूंची नावे ओळखता येत होती, असे २०११ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात नोंदले आहे. अशी बुद्धी दिवाणखान्यात कोंडली की ती सावल्यांच्या मागे लागते. मुलांना घेरणारा तो कुत्रा द्वाड नव्हता. मेंढ्या नव्हत्या, म्हणून तो मुले वळत होता!

मग दोष कोणाचा? कान्टचे एक प्रसिद्ध मत सेमिनरीत आम्ही शिकलो होतो. जन्मभर इमानाने राबलेल्या कुत्र्याला, तो निकामी झाला म्हणून गोळी घालणारा मालक कुत्र्याविषयीचे कर्तव्य मोडत नाही, कारण कुत्र्याला विवेकबुद्धी नाही; मात्र तो स्वतःमधील माणुसकीला इजा करतो. हे मत मला तेव्हाही अपुरे वाटे. या प्रकरणात तर ते उलटेच लागू पडते. माझे मित्र आपली माणुसकी जपण्यात गुंतले होते, मी त्यांना त्यासाठी शाबासकी देत होतो, आणि कुत्रा चौकट कुरतडत होता. ॲरिस्टॉटलने प्रत्येक वस्तूचे भले तिच्या विशिष्ट कार्यात शोधले. इथे ते कार्य माणसानेच घडवले आहे. ज्या हातांनी ही भूक निर्माण केली त्या हातांवर तिचे ऋण आहे, आणि जो दत्तक घेतो तो प्राण्याबरोबर ते ऋणही घरी आणतो, त्याला ठाऊक असो वा नसो.

‘दत्तक’ हा शब्दच इथे थोडा फसवा आहे. मूल दत्तक घेतल्यावर ते परत देण्याचा विचारही आपण करीत नाही, आणि तेच योग्य. परंतु मूल कोणत्या कामासाठी घडवलेले नसते. कुत्र्याला दिलेले वचन त्याच्या हिताचे असते, त्याला आपल्याच छपराखाली ठेवण्याचे नव्हे. अर्थात ही पळवाटही ठरू शकते; गैरसोयीला असमर्थता म्हणणे माणसाला सहज जमते. म्हणून दुसऱ्या पत्रात मी फक्त विचारले : त्याला काम देऊन पाहिलेत का?

त्यांनी खरोखरच पाहिले. नुसते धावडवून पाय थकतात, डोके थकत नाही, हे त्यांना लवकरच कळले. लपवलेल्या वस्तू शोधणे, शिटीवर थांबणे, अडथळ्यांची शर्यत, असे सात-आठ महिने चालले. सावल्यांचे वेड ओसरले, चौकटी वाचल्या. धाकटा मुलगा मात्र त्याला पाहून खुर्चीवर चढे, आणि कुत्राही त्याच्यावरून नजर काढीत नसे.

अखेर त्यांनी त्याला निवाऱ्यात परत नेले. निवाऱ्याने त्याला अडथळ्यांच्या शर्यतीत कुत्रे उतरवणाऱ्या एका बाईंकडे सोपवले. थोरली मुलगी आठवडाभर वडिलांशी बोलली नाही. माझ्या पहिल्या उत्तराची आठवण त्यांनी मला कधी करून दिली नाही. परवाच्या पत्रात एवढेच लिहिले होते की, त्या बाईंच्या गाडीत चढताना कुत्र्याने मागे वळूनही पाहिले नाही, आणि ते त्यांना अजून सलते.