पत्ता आणि जागा

बेपत्ता झालेला मनोरुग्ण मुलगा कित्येक वर्षांनी घरी परतल्याचा एक व्हिडिओ परवा कट्ट्यावर फिरला. आई रडतेय, गाव गोळा झालंय. "शेवटी रक्ताचं नातं हेच खरं औषध. संस्था-बिंस्था सब झूट!" एका निवृत्त गृहस्थांनी निकाल दिला. त्या मुलाला रस्त्यावरून उचलून, बरं करून गावापर्यंत आणलं होतं ते संस्थेनंच. पण ते त्यांच्या हिशेबात नव्हतं.

अशा कामाचं मोल सांगायला नको. कर्जतच्या 'श्रद्धा' या संस्थेचे डॉ. भरत वाटवानी यांना २०१८ साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला, तेव्हा आपण सगळ्यांनी वाचलंच होतं. पण घराचा पत्ता सापडणं वेगळं आणि घरात जागा मिळणं वेगळं. पत्ता रुग्ण बोलता झाला की सापडतो. जागेचं तसं नाही. रेशनकार्डावरून नाव गेलेलं असतं, सातबाऱ्यावर भावाला वाटेकरी नको असतो. ताट मिळतं, पण पडवीत. दिवसभरात त्याच्याशी बोललं जाणारं एकच वाक्य असतं, "गोळी घेतली का?" भाजी निवडायला, गुरं सोडायला त्याला कुणी हाक मारत नाही.

गृहस्थांचं म्हणणं अगदीच टाकाऊ नाही. आई रडली ते खोटं नव्हतं. पण अगदी जवळच्या नात्यांबद्दल जॉर्ज ब्राऊन या संशोधकाला १९५०च्या दशकात लंडनमध्ये भलतंच आढळलं. मनोरुग्णालयातून आई-वडिलांकडे किंवा बायकोकडे परतलेल्यांपेक्षा भाड्याच्या खोलीत किंवा भावंडांकडे राहिलेले रुग्णालयाबाहेर जास्त टिकले. सततची टोचणी आणि अति काळजी, दोन्हींमुळे आजार उलटतो, हे पुढच्या अभ्यासांतून स्पष्ट झालं. आणि बेल्जियममधलं 'खेल' (Geel) नावाचं गाव! तिथली कुटुंबं शतकानुशतकं परक्या मनोरुग्णांना घरात ठेवून घेत आली. रक्ताचा संबंध नाही, म्हणून जुने हिशेबही नाहीत.

म्हणून काय घरच्यांना दोषी धरायचं? मुळीच नाही. जिल्ह्याला गोळ्या आणायला जायचं म्हणजे एक रोज बुडतो. टोचून बोलणाऱ्या भावाच्या बोलण्यात निम्मा थकवाच असतो.

मनोरुग्णाला त्याच्या घरी सोडलं पाहिजे, एवढंच मला सांगायचं होतं. लिहिता लिहिता वाटू लागलं की घर हा एक पर्याय आहे, कसोटी नव्हे. घरचे नेत नाहीत एवढ्यावरून कुणाला मनोरुग्णालयात ठेवून देता येणार नाही, असं २०१७चा मानसिक आरोग्यसेवा कायदा सांगतो. बाहेर राहण्याची सोय करणं ही मग सरकारची जबाबदारी ठरते. चेन्नईची 'द बनियन' ही संस्था बऱ्या झालेल्यांना चारचौघांच्या वस्तीत, साध्या घरांत एकत्र राहायला मदत करते. नातं जोडायचं म्हणजे एकाच छपराखाली राहायलाच हवं असं नाही. तालुक्याला गोळ्या मिळाल्या, खोली देणारा आणि हाताला काम देणारा कुणी भेटला, तर सगळा भार एकट्या भावावर पडत नाही. मग सणावाराला एका पंगतीत बसणं दोघांनाही जड जात नाही.