जुन्या ट्यूबाची किंमत

सणाच्या मिरवणुकीत यंदा आपल्या बँडमध्ये ट्यूबा वाजला, तो तुमच्यापैकी अनेकांनी पाहिला. "कुठून आणला? केवढ्याला पडला?" असे बऱ्याच जणांनी मला विचारले. पहिल्या प्रश्नाचे उत्तर मी लगेच देत असे, दुसऱ्याचे टाळत असे. का टाळत होतो, ते आज लिहितो. ज्यांच्याकडून ट्यूबा घेतला त्यांना विचारूनच लिहितो आहे. "नाव तेवढे नको," असे त्या म्हणाल्या.

शेजारच्या गावातील एका जुन्या बँडवाल्याच्या घरी तो माळ्यावर पडून होता. त्यांना जाऊन बारा वर्षे झाली. घरात त्यांची पत्नी, ज्यांना आम्ही मावशी म्हणतो, आणि रोज लोकलने चर्चगेटला जाणारा मुलगा. माळा रिकामा करायचा होता. भंगारवाला किलोच्या भावाने चार हजार द्यायला तयार होता. निदान वाजवणाऱ्याच्या हाती जावा, म्हणून मावशींनी मला निरोप पाठवला.

ट्यूबाची दशा झाली होती. भोंग्याची कड दुमडलेली, तळाच्या मोठ्या वळणाला नारळाएवढा पोचा, सगळीकडे हिरवट-काळा थर. मावशींना तो मोडीतलाच वाटत होता. मला तसे वाटले नाही, कारण तरुणपणी आठ वर्षे मी बँडमध्ये बास वाजवला आहे. मोठ्या ट्यूबाची नळी सरळ केली तर साडेपाच मीटरच्या आसपास भरते. तोंडाकडे ती बोटाएवढी अरुंद आणि भोंग्याकडे घमेल्याएवढी रुंद. अरुंद भागात लहानसा पोचा आला तरी सूर बिघडतो. रुंद भागातला पोचा दिसायला वाईट, पण आवाजाला त्याचा फारसा त्रास नसतो. खरा जीव पिस्टनमध्ये. ते झिजले की हवा गळते, आणि मग दुरुस्ती परवडत नाही. मी पिस्टन न दाबता पहिली सरकनळी बाहेर ओढली. बाटलीचे बूच निघावे तसा 'फट्' आवाज आला. दुसरीलाही तसाच. हवा कुठेच गळत नव्हती.

"काय झाले रे?" मावशींनी विचारले.

"काही नाही, जुना आहे ना," मी म्हणालो आणि बोट त्या पोच्यावर ठेवले.

पाच हजारांवर सौदा ठरला. मावशींनी चहा दिला. भंगारवाल्यापेक्षा हजार जास्त मिळाले म्हणून माझे आभारही मानले.

दुरुस्तीला चार महिने लागले. मुंबईतल्या एका कारागिराने नळीत पोलादी गोळे घालून, वरून हलके ठोकत पोचे काढले. गोळा आधी लहान, मग त्याहून मोठा, असे घाईशिवायचे काम. सुटलेल्या सांध्यांना डाख दिला. तिसरी सरकनळी जाम झाली होती. ती तेल आणि उष्णता देऊन आठवडाभराने सुटली. जास्त घासू नका, पत्रा पातळ होतो, अशी त्याने ताकीद दिली. एकूण नऊ हजार गेले. पहिला खालचा सूर घुमला तेव्हा खिडकीची तावदाने थरथरली, आणि मी लहान मुलासारखा हसलो.

पण ते 'फट्' डोक्यातून जाईना. मी स्वतःशी वाद घालत असे. एक शब्दही खोटा बोललो नाही, नऊ हजार आणि चार महिने माझेच गेले. हे खरे होते, पण माझ्या मेहनतीने फक्त पोचे गेले होते. पिस्टन आधीच चांगले होते, आणि त्यांचे पैसे मी मोजले नव्हते. कारागिराला विचारले, "दुरुस्तीच्या आधी, पोच्यांसकट, याचे काय आले असते?" मान वर न करता तो म्हणाला, "पंधरा हजार."

संत थॉमस अक्वायनस यांनी तेराव्या शतकात, आपल्या 'सुम्मा'मध्ये, खरेदी-विक्रीतील फसवणुकीवर एक प्रकरण लिहिले आहे. विकणाऱ्याने मालातला दोष लपवू नये, हे आपल्याला ठाऊक असते. ते उलट बाजूही पाहतात. कोणी सोने पितळ समजून विकले आणि घेणाऱ्याला ते कळले, तर ती खरेदी अन्यायाची ठरते आणि त्याने भरपाई केली पाहिजे, असे ते सांगतात. उदाहरण पितळेचेच निघावे, याचे मला हसूही आले. संत ऑगस्टीन यांनी पवित्र त्रैक्यावरील ग्रंथात आपल्या माहितीतल्या एका माणसाची गोष्ट दिली आहे. पुस्तक विकणाऱ्याला त्याची किंमत ठाऊक नव्हती, म्हणून तो थोडेच मागत होता. घेणाऱ्याने आपणहून योग्य, म्हणजे बरीच जास्त किंमत दिली. त्याने ती त्याच वेळी दिली. मी चार महिने उशिरा हिशेब करत होतो.

घरी सल्ला मिळाला, "नाताळच्या फराळाबरोबर पाकीट द्या. कशाला सांगत बसता?" सल्ला सोयीचा होता. दोन दिवस मलाही पटला. पण पाकीट दिले असते तर मावशींनी पुन्हा आभार मानले असते. त्यांचेच दहा हजार त्यांना द्यायचे आणि वर दानशूर म्हणून मिरवायचे? ती दुसरी लबाडी झाली असती. देणे फेडायचे तर ते देणे आहे, हे बोलावेच लागते. मला पैशांपेक्षा तेच जड जात होते.

एका रविवारी मिस्सानंतर गेलो. मुलगाही घरीच होता. सरकनळीची आणि त्या आवाजाची गोष्ट सांगितली, दहा हजार टेबलावर ठेवले. मुलाने ते दोनदा मोजले.

"म्हणजे त्या दिवशी तुला कळले होते?" मावशींनी विचारले.

"हो."

"तेव्हाच बोलला असतास तर..." एवढे म्हणून त्या गप्प झाल्या. मी थोडा वेळ बसून राहिलो, मग उठलो. त्या दिवशी चहा झाला नाही.