मजुराची किंमत

लक्ष्मीपूजनाला आपण धन पूजतो. अर्थशास्त्र म्हणते, माणसाचे कौशल्य हेही भांडवलच. मग ते संकटात जपायचे कोणी?

1896 साली मुंबईत प्लेग शिरला. कामगार गावी पळू लागले, तेव्हा गिरणीमालक जादा रोज देऊन नाक्यानाक्यावर माणसे मिळवू लागले. 2020 च्या टाळेबंदीत कामच थांबले. मजुराची किंमतही संपली. 8 मे रोजी करमाडजवळ, पायी गावी निघालेले आणि थकून रुळांवर झोपलेले 16 मजूर मालगाडीखाली गेले.

मालकांना दोष देणे सोपे आहे. त्या दिवसांत मला घरबसल्या पगार मिळत होता. आमच्या कामवाल्या बाईंचा मात्र मी महिन्याभरातच बंद केला. 'काम नाही, तर पैसे कसले?' हा हिशेब माझाही होता. यंदा पूजेआधी ती बाकी फेडायची आहे.