मुरुडचा माळ वाचताना

उष्ण कटिबंधातल्या निसर्गाचा अभ्यास म्हटलं की घनदाट वर्षावन डोळ्यांपुढे येतं. १९६३ साली स्थापन झालेल्या ऑर्गनायझेशन फॉर ट्रॉपिकल स्टडीजने कोस्टा रिकात विद्यार्थ्यांना थेट रानात नेऊन शिकवायची परंपरा घातली आणि तिचं नाव जगभर झालं. पण लातूरजवळचं मुरुडही उष्ण कटिबंधातच आहे, कर्कवृत्ताच्या चांगलं पाच अंश दक्षिणेला. इथला मुरमाड माळ उन्हाळ्यात नुसता पिवळा दिसतो, म्हणून आपण त्याला पडीक म्हणतो आणि मुलांना निसर्ग दाखवायला महाबळेश्वरला नेतो. सर्वोच्च न्यायालयाने १९९१ साली पर्यावरण विषय सक्तीचा करायला सांगितलं. बहुतेक ठिकाणी तो प्रकल्पवहीतच अडकला.

कुसळी गवताचं वाळलेलं बी तळहातावर घ्यावं. त्याच्या लांब कुसळाला पीळ असतो. वर पाण्याचा थेंब सोडला की पीळ उलगडू लागतो आणि बी हातावरच गोल फिरतं. वाळलं की पीळ पुन्हा भरतो. भिजण्या-वाळण्याच्या या फेऱ्यांत त्याचं अणकुचीदार टोक मातीत शिरत जातं. मेंढ्यांच्या लोकरीत रुतणारं तेच हे कुसळ. थंडी-उन्हापेक्षा पाण्याच्या येण्या-जाण्यावर इथलं जगणं बेतलेलं आहे, हे त्या थेंबाने जितकं कळतं तितकं कुठल्याही आकृतीने कळत नाही.

लातूर हा राज्यात सर्वांत कमी वनक्षेत्राच्या जिल्ह्यांपैकी एक, त्यामुळे मोकळा माळ दिसला की झाडं लावायची घाई होते. मला ही घाई धोक्याची वाटते. आशिष नेर्लेकर आणि जोसेफ वेल्डमन यांनी २०२० साली जगभरातल्या नोंदी एकत्र करून दाखवलं, की एकदा मोडलेल्या जुन्या गवताळ रानाला पहिली विविधता परत मिळवायला किमान शतक लागतं, बहुधा त्याहून कितीतरी जास्त. जवळच्या सोलापुरात नान्नजला १९७९ साली अभयारण्य झालं ते माळढोकासाठी, आणि त्या पक्ष्याला उघडा माळच लागतो.

म्हणून मुरुडच्या मुलांनी तीन तुकडे निवडावेत: कधीच न नांगरलेलं गायरान, नांगरून सोडलेलं रान आणि लागवडीचे चर खोदलेली जागा. मृगाआधी, पोळ्याला आणि संक्रांतीला तिन्हींवर जाऊन हातभर चौकटीतलं गवत मोजावं. नावं अडली तर मेंढपाळाला विचारावीत. कोणतं गवत मेंढी आधी खाते, हेही त्यालाच ठाऊक असतं.